मापाबाहेरची जागा

जुना कॉम्प्युटर विकायला मी कॉम्प्युटरच्या दुकानात आले, तेव्हा माझ्यापुढे एक शिंपी आणि त्याची मुलगी उभी होती. गेमिंग कॉम्प्युटरसाठी त्याने स्वतः बनवलेलं लाकडी खोकं काउंटरवर होतं.

"बाबा, छोटा मदरबोर्डच घेऊ."

"छोट्यावर पुढे काही वाढवता येत नाही म्हणालीस ना?"

"पण तू माप छोट्याचंच घेतलं होतंस!"

"माप छोट्याचं. कापताना चारी बाजूंनी माया सोडलीय."

"लाकडाला?"

"तुझे फ्रॉक तीन-तीन वर्षं कसे पुरले? ठेवा हो आत."

दुकानदाराने मोठा बोर्ड आत ठेवला.

"बसला! बाबा, बसला!"

"पहिला डाव माझा."

"हरशील!"

"बघू की!"

दुकानदार माझ्याकडे वळला. "ताई, हा जुना कॉम्प्युटर विकायचाय ना?"

"नाही. माझ्या बाबांचा होता. यात काही वाढवायला जागा आहे का, बघता?"