कमळीनं चोरून खाल्लं नव्हतं

मी नेऱ्याकडचा, भातशेतीवाल्याच्या घरातला. पनवेलला कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, तिथूनच रिटायर झालो. माझं काय सांगू तुमाला, सांगायचं हाय ते बायकोचं, कमळीचं. गाव आजून म्हणतं, जिभेपायी तिचा पाय गेला. ते खोटं हाय आणि ते मी चालू दिलं, हे आधी लिहून घ्या.

तिला शुगर होती, गोळ्यांनी भागेना तेवा डॉक्टरांनी इन्सुलिन लावलं. नर्सबाई म्हणाल्या, बाटल्या फ्रीजमधी ठेवा. आता आमचा फ्रीज बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसायला पायजे म्हणून मीच तिथं मांडलेला. त्याच साली आमच्या रंजनाला खारघरचं स्थळ आलेलं, पाव्हणे यायचे, त्यांची पोरं पाण्यासाठी फ्रीज उघडायची. मला वाटलं, आईची शुगर दिसली तर म्हणतील पोरीलापण होणार, स्थळ मोडेल. उचलला बाटल्यांचा डबा आणि माळ्यावर ठेवला, पत्र्याखाली, जिथं उन्हाळ्यात हात ठेवला तर चटका बसतो. लग्न झालं, तरी व्याही येतात-जातात म्हणून डबा तिथंच.

कमळी रोज न चुकता सुई घ्यायची आणि शुगर उतरायची नाय. मग मी सुरू केलं, तू चोरून खातेस. साखरेच्या डब्याला कुलूप घातलं. तिचं ताट तपासायचो मी, काय सांगू तुमाला, पोलिसासारखं. पुतण्याच्या हळदीला माझी धाकटी बहीण पंगतीत म्हणाली, वयनी, जिलबीकडं बघू नको, दादाचा डोळा हाय. सगळे हसले, मीपण हसलो. कमळी म्हणत राहिली, पोरांची शपथ, नाय खाल्लं. मग पायाच्या बोटाला जखम झाली, ती भरेना, काळी पडली आणि गुडघ्याखालून पाय काढला. घरी आणली तरी डबा माळ्यावरच.

आमच्या गावातली आशाताई दर गुरुवारी देवळाच्या ओट्यावर शुगरवाल्यांना जमवते. पाय रोज कसे बघायचे, भात किती घ्यायचा, सगळे एकमेकांना सांगतात. मी कमळीला कुबडीवर घेऊन गेलो. तिथं आशाताई म्हणाली, इन्सुलिन तापलं की त्यातला जोर जातो, मग पाणी टोचल्यासारखंच. घरी येऊन कुणाला न सांगता माळ्यावरचा डबा फेकला, नवीन बाटल्या आणल्या, फ्रीजमधी ठेवल्या. महिन्याभरात शुगर उतरली. गाव म्हणालं, बघा, पाय गेल्यावर जीभ आवरली. तेपण मी ऐकून घेतलं. असा माणूस मी.

मागं एका गुरुवारी बहीण तिथं आली, तिलाच शुगर निघाली म्हणून, आणि नव्या बायांना सांगायला लागली, वयनीसारखं करू नका. माझं डोकं फिरलं. उठलो आणि म्हटलं, हिनं कायपण खाल्लं नाय, औषध मी माळ्यावर तापवून सडवलं, फ्रीज मिरवण्यापायी, तुमच्या तोंडाच्या भीतीनं. हळदीला हसलात ना, आता ऐका. तुमच्यातल्या कितीतरी घरांत सुया गादीखाली लपवलेल्या हायत, मला माहीत हाय, आज घरी जाऊन त्या बाहेर काढा. बहीण खाली बघत बसली. आशाताई म्हणाली, काका, बसा. मी बसलो नाय.

घरी कमळी म्हणाली, औषध तापतं हे तुमाला माहीत नव्हतं, ते मी सोडलं. पण पोरांची शपथ घेतलेली मी, ती तुमाला खोटी वाटली, त्याचं काय.

आता गुरुवारी बहीणच तिला हात धरून नेते. कमळी मला म्हणते, तुमी घरी राहा. मी राहतो. तिला बरं असू दे.