गच्चीवरच्या नेटच्या डब्याबाबत पुरवणी जबाब

दिनांक २७ जून २०११, सोमवार. दुपारी ३ वाजून १० मिनिटे.

नाव रामराव लक्ष्मण सोनकांबळे, वय ६३ वर्षे, धंदा सेवानिवृत्त मुख्याध्यापक, धर्म बौद्ध, राहणार शिक्षक कॉलनी, औराद, जिल्हा बीदर.

मी ठाण्यात स्वतःहून हजर होऊन समक्ष सांगतो की, याच प्रकरणात दिनांक १३ जून रोजी मी एक जबाब दिलेला आहे. तो खोटा आहे. मला कन्नड बोलता येते, परंतु हा जबाब मराठीत लिहून घ्यावा अशी मी विनंती केली आहे, कारण यातला शब्द इकडचा तिकडे झालेला मला चालणार नाही.

मी वरील पत्त्यावर पत्नी शोभाबाई हिच्यासह राहतो. आम्हाला एकच मुलगी, शिवकन्या. ती लग्नानंतर पुण्यात असते व तेथे कंपनीत नोकरी करते. तिला तीन वर्षांची मुलगी आहे. दर रविवारी सकाळी आम्ही कॉम्प्युटरवर नातीला पाहतो व बोलतो. घरात इंटरनेट घेतले ते त्यासाठीच.

या प्रकरणातील फिर्यादी धम्मानंद सोनकांबळे हा माझा सख्खा पुतण्या आहे. तो हैदराबादेत कॉम्प्युटरच्या कंपनीत चार वर्षे होता. सन २००९ मध्ये नोकरी सोडून तो औरादला आला व त्याने घरोघरी नेट देण्याचा धंदा सुरू केला. नाव मैत्री नेट. परत ये, आपल्या तालुक्यात काहीतरी कर, असे त्याला फोनवर सांगणारा मी होतो. आमचे घर कॉलनीत सर्वांत उंच असल्याने त्याने आपली डिश व नेटचा डबा आमच्या गच्चीवर बसवला. त्या डब्यातून ३७ घरांना वायरी गेल्या होत्या. जागाही मीच देऊ केली होती. जिना घराच्या बाहेरून आहे व गच्चीच्या दाराला कुलूप असे. एक चावी माझ्याकडे व दुसरी त्याचा लाईनमन हावगेप्पा मेत्रे याच्याकडे होती.

हावगेप्पा हा माझा जुना विद्यार्थी आहे. सातवीपर्यंत माझ्या हाताखाली शिकला. घरची मेंढरे आजोबांच्या काळातच गेली, तेव्हापासून मजुरी. धम्मानंदने त्याला हे काम शिकवले होते. पावसातही खांबावर चढत असे.

माझ्या कनेक्शनचा वर्षाचा करार ३१ मे रोजी संपणार होता. पुढे कोणाचे नेट घ्यावे हे ठरवण्यासाठी मी एका कागदावर तीन रकाने केले. सरकारी ब्रॉडबँडसाठी आधी घरात टेलिफोनची लाईन घ्यावी लागणार होती. ती आम्ही मोबाईल आल्यावर परत केली होती. मैत्री नेट संध्याकाळी संथ चाले, चित्र थांबे व वीज गेली की बंद पडे. परंतु तक्रार केली की त्याच दिवशी हावगेप्पा दारात येई. तिसरे नवरंग ब्रॉडबँड, हे नवीन होते. वेग दुप्पट सांगत होते. तक्रारीसाठी बीदरला फोन करावा लागे. सर्व पाहता धम्मानंदचे पारडे जड होते. तो कागद मी सोबत आणलेला आहे. माझे हस्ताक्षर आहे.

दिनांक २८ मे रोजी सकाळी ११ च्या सुमारास नवरंगचे एजंट शरणप्पा बिरादार आमच्या घरी आले. ते आमच्या मूळ गावचे आहेत. त्यांच्या आजोबांच्या शेतात माझे वडील सालगडी होते. शरणप्पा मला म्हणाले, "सर, कॉलनीत आधी तुमच्या घरी आलोय बगा. तुमी घेतला की समदे घेतेत. तुमचा शब्द मोठा हाय." त्यांनी खुर्चीवर बसून चहा घेतला. मग म्हणाले, "अक्का, अजून अर्धा कप असल तर द्या." माझ्या पत्नीने दिला. तोही घेतला.

हा तपशील जबाबात लिहिण्याची गरज नाही, असे हेड कॉन्स्टेबल यांनी सांगितले. लिहून घ्यावा अशी मी विनंती केली. मी छत्तीस वर्षे नोकरी केली व त्यातील अकरा वर्षे आमच्या मूळ गावच्या शाळेत होतो. त्या घरातील कोणी माझ्याकडे पाणीही घेतलेले नव्हते.

मी त्याच बैठकीत फॉर्मवर सही केली. तीन रकान्यांचा कागद टेबलावर होता, त्याकडे पाहिले नाही.

नेट बदलणे हा गुन्हा नाही हे मला ठाऊक आहे. धम्मानंदला मी तसे सांगू शकलो असतो. १ जून रोजी तो करार पुढे चालू करण्यासाठी आला, तेव्हा मी त्याला म्हणालो, "सध्या बंदच ठेव. डोळ्याला त्रास होतोय, कॉम्प्युटर नको म्हणालेत डॉक्टर." तो म्हणाला, "काका, मग ताईला कसं बघणार? राहू द्या चालू, माझ्याकडून." मी नको म्हणालो. तो डोळे तपासायला बीदरला नेतो म्हणून दोनदा आला. दोन्ही वेळा मी आतल्या खोलीत पडून राहिलो व पत्नीला बाहेर बोलायला लावले.

दिनांक ११ जून, शनिवार रोजी दुपारी ३ च्या सुमारास शरणप्पा दोन माणसांसह नवीन डिश बसवण्यास आले. मी गच्चीची चावी दिली. थोड्या वेळाने शरणप्पा खाली आले व म्हणाले, "सर, वरचा जुना डबा आडवा यायलाय. काय करावं?" मी म्हणालो, "जे आडवं येतं ते काढून घ्या. मला विचारू नका."

नंतर मी पुढच्या खोलीत जाऊन टीव्ही लावला. क्रिकेट चालू होते. कोणाकोणाचे, ते सांगता येणार नाही. वर वायरी तोडल्याचा आवाज येत होता. एक वायर तुटली की तिचे टोक भिंतीवर आपटे. काही वेळाने घराच्या मागे नाल्यात जड वस्तू पडल्याचा आवाज झाला. मी टीव्हीचा आवाज वाढवला. माझी पत्नी स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली व म्हणाली, "अहो, वर काय करायलेत त्ये लोक? धम्माचा डबा हाय की वर." मी तिच्याकडे पाहिले नाही. ती जिन्यापर्यंत गेली. मी तिला "तू पडू नको मधी," असे म्हणून परत बोलावले.

चार वाजेपर्यंत कॉलनीतील ३७ घरांचे नेट बंद पडले. नवीन डिश त्या दिवशी बसवली नाही, ती १५ जून रोजी बसवली.

१३ जून रोजी धम्मानंदने फिर्याद दिली व पोलीस चौकशीस आले. तेव्हा मी असे सांगितले की, ११ जून रोजी दुपारी मी व पत्नी संतपूरला नातलगाकडे गेलो होतो, घराला कुलूप होते. हे खोटे आहे. आम्ही दोघेही घरीच होतो. पत्नीला कोणी विचारले नाही, कारण तिच्या वतीनेही मीच बोललो. तसेच, दुसरी चावी हावगेप्पाकडे असते, असेही मी सांगितले. एवढ्यावर थांबता आले असते. मला न विचारताच मी पुढे म्हणालो की, जत्रेला रजा दिली नाही यावरून त्याचे व धम्मानंदचे मागच्या महिन्यात वाजले होते. ते वाजले होते हे खरे आहे. दुसऱ्या दिवशी दोघे एकाच ताटात जेवले, हेही मी पाहिले होते. ते मी सांगितले नाही.

पोलिसांनी हावगेप्पाला बोलावून विचारपूस केली व सोडून दिले. परंतु धम्मानंदने माझा जबाब ऐकला होता. त्याने हावगेप्पाला कामावरून काढले. दुकानासमोर काढले, तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे होतो. हावगेप्पा म्हणत होता, "अण्णा, मी काई केलो न्हाई. आईची शपथ, मी काई केलो न्हाई." धम्मानंद म्हणाला, "मग काका खोटं बोलतेत का?"   मी तेथून निघून आलो.

पुढील आठ दिवसांत कॉलनीतील बहुतेक घरांनी नवरंगचे नेट घेतले. सरांनीच बदलले म्हणजे काहीतरी असेल, असे लोक म्हणत. दोघांनी घरी येऊन माझा सल्ला विचारला. मी चांगले आहे म्हणालो. धम्मानंदच्या दुकानाचे शटर १८ तारखेपासून खाली आहे.

१९ जून, रविवार रोजी सकाळी नवीन नेटवर शिवकन्येशी बोलणे झाले. ती म्हणाली, "अप्पा, किती साफ दिसायलंय आता! तुमच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा मोजता येतेत." नात हात हलवत होती. मी खोकला आल्याचे सांगून समोरून उठलो. नंतर पत्नी तिच्याशी बोलली. तिने मुलीला काही सांगितले नाही. मलाही तिने इतक्या दिवसांत काही म्हटलेले नाही. वेळेवर वाढते. मी जेवायला बसलो की ती बाहेर ओट्यावर जाऊन बसते.

आज रोजी दुपारी १ वाजता मी औषध आणण्यासाठी बस स्टँडकडे गेलो होतो. तेथे हावगेप्पा, त्याची पत्नी तुळजा, त्यांचे लेकरू व सोबत दोन गाठोडी, एक स्टोव्ह व पाण्याचा कॅन असे दिसले. मला चुकवून जाता आले नाही. त्याने पुढे येऊन माझ्या पायाला हात लावला. मी विचारले, "कुठं निघालास?" तो म्हणाला, "हैद्राबादला जायलाव, सर. तुळजाचा भाऊ हाय तिथं, बिल्डिंगच्या कामावर. इथं कोण काम देईना झालंय. वायर तोडलेला माणूस म्हणतेत. घरात घ्यायला भेतेत."

 तुळजा दुसरीकडे पाहत होती.

हावगेप्पा म्हणाला, "सर, तुमी त्या दिवशी संतपूरला गेला हुता. माझं नशीब. घरी असता तर तुमी सांगितला असता, हावगेप्पा असलं करणार न्हाई म्हणून."

बीदरची बस लागली. त्याने गाठोडी वर टाकली. मी त्याला "जरा थांब" म्हणालो. तो पायरीवरून खाली उतरला व समोर उभा राहिला, शाळेत उभा राहायचा तसा. कंडक्टर ओरडत होता. मी "नीट जा" असे म्हणालो. त्याने मान हलवली व तो बसमध्ये चढला. बस १ वाजून ४० मिनिटांनी सुटली.

मी औषध घेतले नाही. तेथून चालत घरी गेलो. पत्नीला म्हणालो, "मी ठाण्यात चाललोय." तिने का म्हणून विचारले नाही. खुंटीवरचा माझा इस्त्रीचा सदरा काढून दिला. मी तो घातला नाही. आहे त्याच कपड्यावर आलो.

मला विचारण्यात आले की, शरणप्पा बिरादार यांनी गच्चीची चावी दमदाटी करून घेतली काय, किंवा काही आमिष दाखवले काय. त्यास माझे उत्तर की, नाही. त्यांनी चावी मागितलीही नव्हती. ते जिन्याकडे वळले तेव्हा मीच उठून खिळ्यावरची काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी व त्यांच्या माणसांनी जे केले त्याबद्दल कायद्याने जे होईल ते व्हावे. माझे नाव त्यांच्या खाली लिहू नये, सोबत लिहावे.

मला हेही विचारण्यात आले की, चूक होती तर पंधरा दिवस का थांबलो. मी शिक्षक होतो. औरादमध्ये मला रस्त्यात लोक सायकलवरून उतरून नमस्कार करतात. तो नमस्कार बंद होईल अशी मला भीती होती. दुसरे कारण नाही.

अडीच वाजता धम्मानंदला निरोप देऊन बोलावण्यात आले. मी त्याला व्हरांड्यात थोडक्यात सांगितले.  तो म्हणाला, "काका, कामून? मला नुसतं सांगितला असता, बदलायलाव म्हणून. मी स्वतः येऊन त्यांचा मोडेम लावून दिलो असतो."  त्याने हावगेप्पाला फोन लावला. पहिल्या वेळी लागला नाही. दुसऱ्या वेळी लागला. बस तेव्हा बीदरच्या अलीकडे होती. धम्मानंद म्हणाला, "हावगेप्पा, उतर. खाली उतर, मी गाडी घेऊन यायलाव. न्हाई, तू काई केला न्हाईस. माझी चूक झाली." पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. धम्मानंदने फोन माझ्यापुढे धरला. मी तो घेतला व माझे नाव सांगितले. त्यानंतर मी जे बोललो ते वरच्याप्रमाणेच आहे. हावगेप्पाने ते सगळे ऐकून घेतले. शेवटी, "बरं, सर," एवढेच म्हणाला व फोन तुळजाकडे दिला. तुळजा म्हणाली, "तुमच्याकडं लेकरू घालायचं म्हणत होते ह्ये, शिकवणीला." मग फोन बंद झाला. ते उतरणार की पुढे जाणार हे समजले नाही. धम्मानंद मोटारसायकल घेऊन बीदरच्या रस्त्याला गेला आहे.

हा जबाब मी कोणाच्या सांगण्यावरून किंवा दबावाखाली दिलेला नाही. तो मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवण्यात आला. वाचताना खोलीचे दार उघडे ठेवावे अशी मी विनंती केली, ती मान्य झाली. बाहेर बाकावर कॉलनीतील चार माणसे दाखल्यासाठी बसलेली होती. त्यांपैकी दोघांना मी शिकवलेले आहे. त्यांनी सर्व ऐकले. मी सांगितले तसेच लिहिलेले आहे. बरोबर आहे.