गाणं अडकतं ती जागा

डॉक्टर : सिस्टर, मी शेवटचं विचारतोय. सीडी कुठंय?

सिस्टर : पिवळ्या पिशवीत टाकली.

डॉक्टर : पिवळ्या...? अहो, त्यात आपण रक्ताचे बोळे टाकतो! उपटलेल्या दाढा टाकतो!

सिस्टर : माहितीये. एकोणीस वर्षं मीच टाकतेय.

डॉक्टर : आणि ती पिशवी कुठंय?

सिस्टर : सकाळी कचऱ्याची गाडी येऊन घेऊन गेली. आत्तापर्यंत भट्टीत गेलं असेल तुमचं गाणं.

डॉक्टर : माझं? अख्ख्या जगाचं गाणं आहे ते! त्या चौघांसारखा बँड पुन्हा झाला नाही. त्या गिटारवाल्यासाठी लोक रात्र रात्र रांगेत उभे राहायचे.

सिस्टर : जगाचं आहे ना, मग जगाला वाजवू द्या की. वाजवतंयच. बँकेला फोन लावला की 'कृपया प्रतीक्षा करा' आणि मागे तेच. लिफ्टमध्ये तेच. आमच्या खालचे गाडी मागे घेतात, तर तिचंसुद्धा पीं-पीं त्याच चालीवर. त्यातून जीव वाचवून इथं यावं, तर तुम्ही बोट बटणावर ठेवून बसलेले! कान किटले हो माझे.

डॉक्टर : पेशंटना आवडतं ते.

सिस्टर : कोण म्हणालं?

डॉक्टर : आजवर कुणी तक्रार केलीय?

सिस्टर : कशी करतील? त्यांच्या तोंडात तुमचे दोन्ही हात असतात! भाचीच्या लग्नात बँडवाल्यांनी ते सुरू केलं, तर निम्मे पाहुणे गाल धरून उभे राहिले. सगळे आपलेच पेशंट. नवरामुलगासुद्धा.

डॉक्टर : उगाच काहीतरी.

सिस्टर : व्हिडिओ आहे. दाखवू?

डॉक्टर : नको. ...खरं सांगू का सिस्टर? मलाही हल्ली ते ऐकवत नाही.

सिस्टर : काय?

डॉक्टर : गाडीत लागलं ना, तर मी बदलतो. बायको विचारते, अहो, तुमचं लागलंय, तर म्हणतो डोकं दुखतंय.

सिस्टर : अहो, मग एकोणीस वर्षं मला कसली शिक्षा?

डॉक्टर : त्याच्याशिवाय हात चालत नाही माझा! इंजेक्शन दिलं की लावायचं. पहिली दोन कडवी होईतो भूल चढते. ढोल आले की ड्रिल उचलायचं. गिटार एकटी वाजायला लागली की मुळाशी जायचं. मग मधेच सीडी अडकते...

सिस्टर : टँव, टँव, टँव, टँव.

डॉक्टर : बरोबर. मी थांबतो, पेशंट थुंकून घेतो, तुम्ही कोपरानं प्लेअरला टपली मारता, आणि पुढे चालू. आवडीचा प्रश्नच नाही राहिला आता. तुम्हाला रस्ता ओलांडताना कुणाचा हात धरायची सवय असेल, तर तो माणूस आवडतो का, असं विचारता का?

सिस्टर : मी रस्ता ओलांडणारच आहे. समोरच्या डॉक्टरांनी विचारलंय मला. सोमवारपासून या म्हणाले. आज हो-नाही सांगायचंय.

डॉक्टर : समोरचा? तो बासरीवाला?

सिस्टर : हो. बारीक आवाजात बासरी लावतात. थंडगार असतं सगळं. पेशंटला पेशंट नाही म्हणत, पाहुणे म्हणतात. आणि सिस्टरला बसायला स्टूल आहे.

डॉक्टर : स्टूल मीही आणतो!

सिस्टर : आत्ता आठवलं?

डॉक्टर : अहो, हॉस्टेलला एका खोलीत राहिलोय आम्ही. माझा साबण वापरायचा तो. आणि आता माझी सिस्टर? येऊ दे समोर, असा सोलून काढतो...

समोरचे : येऊ का आत?

सिस्टर : अगंबाई! सर, केवढा सुजलाय गाल!

डॉक्टर : बरा आलास! लाज नाही वाटत तुला?

समोरचे : शिव्या नंतर घाल. दाढ आहे. तीन दिवस झोप नाही. आधी बघ.

डॉक्टर : तुझ्याकडे दोन-दोन ज्युनिअर ठेवलेत ना? त्यांना दाखव.

समोरचे : त्यांच्यापुढे? नको रे. सिस्टर, तुम्ही जरा तिकडे बघा. ...मला सुईची भीती वाटते.

सिस्टर : दातांच्या डॉक्टरांना?

समोरचे : दुसऱ्याच्या तोंडात जाते तेव्हा नाही वाटत.

डॉक्टर : बस खुर्चीत. आ कर. अजून मोठा. अरे, तीन दिवस काय करत होतास? आतून पार सडलीय. मुळापर्यंत जावं लागणार. सिस्टर, इंजेक्शन.

समोरचे : थांब, थांब! डोळे मिटू दे. हं. ...आई गं!

डॉक्टर : झालं. जीव गेल्यासारखा काय ओरडतोस?

(समोरच्यांच्या तोंडात आता पाणी ओढणारी नळी आणि कापसाचे दोन बोळे आहेत.)

डॉक्टर : ओठ जड झाला?

समोरचे : आं.

सिस्टर : सर, तुमच्या फोनवरची बासरी लावू का?

समोरचे : आं, आं!

डॉक्टर : लावा, लावा. आपणही बघू शांतता कशी असते ती.

सिस्टर : लावली. ...छान आहे की. ...डॉक्टर? ड्रिल हवेत धरून काय उभे राहिलात?

डॉक्टर : सुरू कुठे करायचं तेच कळेना. हिच्यात ढोलच येत नाहीत.

सिस्टर : नाहीच येणार. करा सुरू तुमचं तुम्ही.

समोरचे : आंऽऽ! आंऽऽऽ!

डॉक्टर : अरे, अजून टेकवलंही नाही!

सिस्टर : आवाजानंच घाबरलेत ते. बासरी इतकी हळू, की मागचं ड्रिल सगळं स्वच्छ ऐकू येतंय. सर, तुमचे पाहुणेही असंच करतात का?

समोरचे : आं.

सिस्टर : बोळे का काढताय? सर!

समोरचे : बंद करा ती बासरी. ते लाव रे तुझं.

डॉक्टर : कुठलं?

समोरचे : माहितीये तुला. हॉस्टेलमधलं. सीडी तर माझीच आहे, ढापलीस तू.

डॉक्टर : ढापली? तूच दिलीस!

समोरचे : वीट आला होता म्हणून दिली. चार वर्षं त्या चौघांचा शर्ट घालून फिरलो, खांद्यापर्यंत केस वाढवले, आणि मग एक दिवस ते ऐकून मळमळायला लागलं. पण लाव. निदान आवाज तरी दणदणीत आहे त्यांचा, सगळं झाकून टाकतो.

डॉक्टर : सीडी जळाली. विचार तुझ्या सोमवारच्या सिस्टरला.

सिस्टर : फोनवर आहे की. थांबा, लावते.

फोन : स्वप्नातलं घर आता तुमच्या आवाक्यात! बाल्कनीतून दिसणारा—

सिस्टर : जाहिरात आहे. दम धरा. ...हं, आलं.

डॉक्टर : हां! आता कसं! बोळे घाल, आ कर. ...कडवं... दुसरं कडवं... आले, आले ढोल. बघा, कसा सुरू झाला हात!

सिस्टर : सावकाश. पाणी साठतंय तोंडात.

डॉक्टर : अडकेल आता गाणं, मग थांबतोच.

सिस्टर : डॉक्टर, ते सीडीवर अडकायचं. हे फोनवरचं आहे, हे नाही अडकत.

समोरचे : ग्लं... ग्लं...

सिस्टर : बुडतील ते! थांबा ना!

डॉक्टर : गिटार चालूच आहे हो! हात कसा थांबवू?

सिस्टर : टँव! टँव! टँव! टँव!

डॉक्टर : ...थांबला.

सिस्टर : फोन बंद केलाय मी. टँव, टँव. उठा सर, थुंका. टँव. चूळ भरा. टँव, टँव. पुन्हा एकदा. झालं? टेका मागे.

डॉक्टर : आणि टपली?

सिस्टर : प्लेअर बंद आहे, टपली कुणाला मारू?

डॉक्टर : मला मारा. पण मारा.

सिस्टर : ही घ्या. आता पुढचं मी म्हणते. टॅ-डँ-डँव, टॅ-डँ-डँव, डँव...

डॉक्टर : वा! सगळं पाठ आहे की तुम्हाला!

सिस्टर : पाठ नसून सांगते कुणाला? टॅ-डँ-डँव. आत बघा, माझ्याकडे काय बघताय! डँव...

डॉक्टर : मिळालं मूळ. ...हे साफ झालं. ...आणि हे औषध भरलं. ऊठ रे, राजा. चार दिवसांनी परत ये.

समोरचे : संपलं? अरे, मला कळलंसुद्धा नाही.

डॉक्टर : कसं कळेल? तू पायानं ताल धरला होतास.

समोरचे : मी? छे, छे. ...सिस्टर, मग सोमवारी येताय ना?

सिस्टर : तिथं मला हे गावं लागेल का?

समोरचे : नाही, नाही! म्हणजे... अवघड दाढ असली तरच. जरा हळू आवाजात. बासरीच्या अंगानं.

सिस्टर : मग मी आहे तिथंच बरी आहे, सर. गाल शेका घरी जाऊन.

समोरचे : पाहा हं, स्टूल आहे आमच्याकडे.

डॉक्टर : अरे, जातोस की ती दाढच उपटू?

सिस्टर : गेले. सांभाळून ओलांडा हो सर रस्ता! ...काय झालं, डॉक्टर? बसलात का असे?

डॉक्टर : खरंच नाही ना जाणार? तुम्ही गेल्या असतात ना, तर मी शटर खाली ओढलं असतं. खोटं नाही सांगत. मघाशी ड्रिल हातात होतं आणि मला काहीच सुचेना. भीती वाटली हो मला.

सिस्टर : दिसलं ते. ...खालचा खण उघडा. ग्लोव्हजच्या खोक्यामागे बघा.

डॉक्टर : ही... ही सीडी आहे! भट्टीत गेली ना?

सिस्टर : टाकली होती काल. खाली जिन्यापर्यंत जाऊन परत आले. इतकी वर्षं कानाशी होते बिचारे चौघं, त्यांना असं रक्ताच्या बोळ्यांत टाकून घरी जाववेना. काढली आणि स्पिरिटनं पुसली.

डॉक्टर : मग सकाळपासून माझा जीव का टांगणीला लावलात?

सिस्टर : तुमचं कुणावाचून अडतं, ते एकदा बघायचं होतं. त्या चौघांवाचून, का माझ्यावाचून.

डॉक्टर : ...बघितलंत ना मग?

सिस्टर : मी बघितलं. तुम्ही बघितलंत का, ते सांगा.

डॉक्टर : स्टूल आज संध्याकाळीच आणतो. गादीचं.