बाबांचा पहिला व्हिडिओ कॉल

घरच्या म्हाताऱ्यांना मोबाइल शिकवायचा विषय निघालाय, तर आमच्या बाबांचं सांगते. भिवंडीत कापडाचे लूम चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि त्या खडखडाटात कानही गेले. शेजारच्या लूमवरचे त्यांचे जिवलग यासीनचाचा, त्यांचीही तीच गत. चाचा आजारी पडले आणि मुलाकडे मालेगावला राहायला गेले, तसं दोघांचं बोलणंच तुटलं. फोन लावला की दोन्हीकडून नुसतं "हां? क्या बोला?" चालायचं आणि मग दोघं हिरमुसून फोन ठेवायचे.

म्हणून मी बाबांना व्हिडिओ कॉल शिकवायला बसले. "आता या वयात कशाला गं?" असं म्हणत का होईना, ते शिकले.

एका रविवारी त्यांनी आपण होऊन चाचांना कॉल लावला. मी आत भाकऱ्या करत होते. बराच वेळ बाहेरून आवाज येईना, म्हणून बघायला आले. बाबा खुशीत हातवारे करत होते, ओठ हलत होते, पण तोंडातून शब्द नव्हता. पलीकडे चाचांचंही तेच.

मी मधे वाकून बघितलं आणि मोठ्यानं सांगितलं, "बाबा, माईक बंद आहे. चाचांना ऐकू जात नाहीये."

"लूमवर तरी कुठं ऐकू जायचं? आम्ही असंच बोलायचो."

माझे डोळे भरून आले. मी विचारलं, "काय म्हणतायत चाचा?"

"तब्येत बरी हाय म्हणतो. आणि म्हणतो, पोरीला बाजूला हो सांग, तुझं तोंड दिसत न्हाय."