पाहुण्याला थोडी जागा

"हॅलो?… हो, मीच. अगं, आमच्या घरी दुपारी दुसरं कोण असणार?… मिळाली गं तुझी पट्टी. मघाशीच कुरियरवाला देऊन गेला. एवढीशी! कंगव्याचा मोडका तुकडा पाठवलास की काय वाटलं मला."

फोन धाकट्या बहिणीचा होता. धाकटी कॉम्प्युटर दुरुस्त करते. थोरली घरी बसून पुस्तकांच्या शेवटी छापायच्या सूच्या तयार करते. कुठला शब्द कुठल्या पानावर, ते. दोघींनाही आपलंच काम खरं काम वाटतं.

"पाच वाजता, हो, आजच. संपादकांनी बजावून सांगितलंय. सहाशे चाळीस पानं, पुलांचा इतिहास… नाही ना! काम सुरू केल्यापासून सेव्ह म्हटलं की ते चक्र फिरत बसतं. तीन आठवड्यांचं काम नुसतं स्क्रीनवर लटकलंय. म्हणून तर तुझ्या मागे लागले, मेमरी वाढवून दे म्हणून… ह्यांना? छे, ह्यांना नाही सांगितलं. हे म्हणणार, मी तेव्हाच सांगितलं होतं. काय सांगितलं होतं ते त्यांनाही आठवणार नाही."

बशीत स्क्रू वाजले.

"लावलीसुद्धा!… तुझ्या फोनची वाट बघत बसले असते तर पाच इथेच वाजले असते. चार खाचा आहेत. एक भरलेली, तीन रिकाम्या. शेजारच्या खाचेत घातली… हो, दोन्ही टोकांना 'टक' झालं… हो गं, अंगातली वीज उतरायला आधी लोखंडाला हात लावला. अगदीच बावळट समजतेस का?… बंद करूनच लावली."

इथे ती ऐकत असावी.

"बंद म्हणजे बंद. स्क्रीन काळी केली… पंखा? आतला पंखा चालूच होता. त्याचं काय?"

त्या घरात कॉम्प्युटर बंद करणं म्हणजे स्क्रीन बंद करणं. सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, एवढ्या कारणावर थोरलीच्या नवऱ्याने सात वर्षांपूर्वी नियम केला, की पेटीच्या बटणाला कोणी हात लावायचा नाही. बटणावर त्याने पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला. लाइट गेली तर बॅटरी असते. सात वर्षांत पेटी एकदाही विझलेली नाही.

"ओरडू नकोस!… जळायला हवं होतं म्हणजे? तुला काय, जळलं नाही याचं वाईट वाटतंय?… अगं ऐक ना. उलट सहज गेली. मी अर्धीच दाबली होती, पुढची आपली आपणच गेली. आतून कोणी धरल्यासारखी… म्हणजे मला तसं वाटलं."

आवाज चढला, किटलीला उकळी फुटल्यासारखा.

"चालू आहे म्हणजे चालू आहे! पळतंय नुसतं… बघते. कुठे बघू?… हां. आधी आठ होती, आता सोळा दाखवतंय. बरोबर ना?… वापरात किती ते?… पंधरा."

"पंधरा गं, एकावर पाच. मी काही नाही उघडलं, फक्त सूची… थांब, नावं आहेत इथे. माझ्या नावावर दोन. आणि पाहुणा, तेरा."

"कोण पाहुणा?… असतोच? गेस्ट अकाउंट, सगळ्यांकडे? बरं, असतो तर असू दे, पण पाहुण्यासारखा राहील ना! घरच्याला दोन आणि ह्याला तेरा?… बंद करते… होत नाही. 'पाहुण्याचं काम चालू आहे' असं म्हणतंय… मला काय माहीत कसलं काम! बघते… एकच फाइल आहे. लांबलचक."

माऊसचं चाक बराच वेळ फिरत राहिलं.

"सुरुवात सात वर्षांपूर्वीची आहे. वाचू?… 'दार.' दुसऱ्या दिवशी 'शिंक.' मग 'चहा ओतला.' 'दार.' पुन्हा 'दार.'… बस, एवढंच. दिवसाला एक शब्द, फार तर दोन. आमच्या ह्यांच्या डायऱ्या अशाच असतात, पण ह्यांना कॉम्प्युटरवर लिहिता कुठे येतं?… हे बघ. 'भांडण. सोफा.' अगं, हे झालं होतं! सोफा कुठे ठेवायचा यावरून, तू आली होतीस तेव्हा, आठवतं?"

"नाही, आजचं वेगळं आहे. आज मोठमोठी वाक्यं आहेत. पट्टी लावल्यापासूनची असणार… वाचते. 'हॅलो? हो, मीच. अगं, आमच्या घरी दुपारी दुसरं कोण…'"

खुर्ची मागे सरकली.

"हे माझं बोलणं आहे."

"सगळं आहे गं, शब्दन् शब्द. तुझं नाही, फक्त माझं. मध्ये मध्ये पदरचंही घातलंय… 'दोघींनाही आपलंच काम खरं काम वाटतं.' घे!… 'आवाज चढला, किटलीला उकळी फुटल्यासारखा.' हसू नकोस. माझा आवाज असा आहे?… इतकी वर्षं बोलली नाहीस ती!"

"कॅमेरा? आहे ना, ह्यांच्या मीटिंगांचा, वर बसवलेला. पण त्याच्या डोळ्यावर मी केव्हाच चिकटपट्टी लावलीय… हो, खरंच गं. दिसण्याचं ह्यात एक अक्षर नाही. नुसते आवाज. कानाला पट्टी लावायची राहिली माझी."

ती कुजबुजायला लागली. त्याने काही फरक पडला नाही.

"'ती कुजबुजायला लागली.' आलं बघ… आत्ता, माझ्यासमोर उमटतंय."

"प्लग?… भिंतीतला आणि बॅटरीचा, दोन्ही? आणि मग ह्यातलं काहीच उरत नाही?… एकदा वीज गेली की पट्टीला काही आठवत नाही, बरं. पण मग माझी सूची! ती पण ह्यातच आहे ना! त्याला घालवायला गेले तर माझे तीन आठवडे जातील… हो, घाबरलेय मी. पण संपादकांना काय सांगू, घरी पाहुणा होता?… थांब, पुन्हा सेव्ह करून बघते."

एक टिचकी वाजली.

"झालं. चक्र फिरलंसुद्धा नाही… हो, हो, ओढते. एकदा सूची बघून घेते आणि ओढते… अगं, ही पुढेही आहे. मी 'व'पर्यंत आले होते. ही 'ह'पर्यंत आहे. 'हंगामी पूल, ४१२.' ४१२… पान काढते थांब… आहे! हंगामी पूल आहे ४१२ वर!"

पानं भराभरा उलटली गेली. सात वर्षं ती प्रत्येक पान मोठ्याने वाचत काम करते. ऐकणाऱ्याला इतक्या वर्षांत तेवढं यायलाच हवं.

"एकही चूक नाही. माझ्या दोन सुधारल्यात वर… ऐकतेय गं मी. ओढणार आहे. पण जरा विचार कर, ह्याने केलं काय? कोपऱ्यात बसून ऐकलं. सात वर्षं दिवसाला एका शब्दावर काढली बिचाऱ्याने, जागा नव्हती म्हणून… बिचारा म्हटलं तर काय झालं? ओरडू नकोस, कान फुटेल माझा."

"थांब, काहीतरी आलं खाली. 'पलीकडचं ऐकू येत नाही. मजकूर अर्धवट राहतो.'"

अर्धवट मजकूर तिला सहन होत नाही. रद्दीतल्या कागदावरचा तुटका परिच्छेदसुद्धा ती पूर्ण करून टाकते, हे सगळ्या घराला माहीत आहे.

"ते खरं आहे, एका बाजूने वाचायला कसंतरीच वाटतं… अगं, मी काही त्याची बाजू घेत नाहीये! मी फक्त म्हणतेय, दोन खाचा रिकाम्या आहेत. तुझ्याकडे अशी आणखी एखादी पट्टी… बरं, बरं, राहिलं! ओढते प्लग. पण टेबलाखाली वाकायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत मला. थांब, तुला स्पीकरवर घेते."

फोन टेबलावर ठेवला गेला. काचेवर बोट टेकलं.

"ताई, स्पीकरवर नको! ताई, बंद कर तो आधी, ऐकतेस ना? ताई, मी—"

मग फोन कट झाला.

"हॅलो?" थोरली टेबलाखालून म्हणाली. बॅटरीची वायर भिंतीला घासली. "हॅलो?… गेला वाटतं. ऐन वेळेला! कुठला प्लग आधी ओढायचा ते तरी… हॅलो? आहेस का गं?"

वायर घासायची थांबली. ती उत्तराची वाट बघत होती, धाकटीचा आवाज आता ऐकून झाला होता, आणि मजकूर असा अर्धवट ठेवणं बरं नव्हे.

"आहे ताई. बोल."