दाणे काढले त्यानंतर

इरावती : पण काका, कबुतरं तुमची नाहीत म्हणून तुम्ही सुटत नाही ना. दाणे तुमचे आहेत.

सीताराम : मी चिमण्यांसाठी टांगलं गो. तेलाचा पाच लिटरचा कॅन कापला, बाजूला भोकं पाडली, बाजरी भरली. पहिले आठ दिवस चिमण्याच यायच्या. मागून ही फौज आली, त्यात माझा काय दोष?

इरावती : दोष नाही म्हणत मी. पण तुमची बाग आणि आमची खिडकी यांच्यात फक्त एक मजला आहे. खाऊन झालं की सगळी आमच्या ग्रिलवर. एसीच्या मागे घरटी. बाबांच्या खोलीत पंखा लावला की ती वाळलेली घाण धुळीसारखी उडते.

सीताराम : मार्तंडरावांना दमा आहे, जुना.

इरावती : दमा नाहीये. परवा रिपोर्ट आला. फुप्फुसं कडक होत चाललीयेत. डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला? घराजवळ कबुतरं आहेत का?

सीताराम : मला कोणी बोललं नाही.

इरावती : बाबा बोलू देत नव्हते. म्हणाले, खाली रुक्मिणीबाई दीड वर्षं पलंगावर आहेत, त्यांना तेवढीच एक खिडकी. खाली जाऊन काही बोललीस तर माझ्याशी गाठ आहे. आज त्यांचा डोळा लागला, तशी आले.

सीताराम : हळू बोल. ती जागी आहे आत.

इरावती : सॉरी.

सीताराम : अर्धं अंग गेलं तिचं, तेव्हा चार महिने तोंडातून शब्द नव्हता. एक दिवस कॅनवर चिमणी बसली आणि ही म्हणाली, ‘इली.’ चिमणी आली, म्हणून. स्पष्ट. मी हातातलं ताट तसंच खाली ठेवलं. आता तूच सांग, तो कॅन मी कसा काढू?

इरावती : मला नाही माहीत, काका. काल ऑक्सिजनच्या मशीनला जागा करायला आईचं कपाट हलवलं. मला तेवढंच माहितीये.

रुक्मिणी : अहो...

सीताराम : काय गो? पाणी होया?

रुक्मिणी : काढा ता.

सीताराम : काय काढू?

रुक्मिणी : दाणे. सगळे. माका वरचो खोकलो... आयकाक येता. रोज सकाळी.

सीताराम : आणि तू दिवसभर काय बघशीत?

रुक्मिणी : बाग आसा मा.

(दोन महिन्यांनंतर. रुक्मिणीच्या पलंगाशेजारी.)

सीताराम : ये, बस. मार्तंडराव कसे आहेत?

इरावती : मशीन रात्री लागतंच. बरं होणारं नाही हे, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पण वाढायचं थांबलंय म्हणाले. काल जिना उतरून गेटपर्यंत गेले स्वतः. काकू, तुम्ही कशा आहात?

रुक्मिणी : बरी.

सीताराम : पहिले पंधरा दिवस वाईट गेले बघ. कबुतरं कॅनच्या रिकाम्या तारेवर बसून घरात बघत राहायची. मी खिडकीत जायचंच सोडलं. मग एकेक करून गेली. आणि मग कोणीच नाही. कावळासुद्धा नाही. ही नुसती भिंतीकडे बघत पडायची, आणि मला वाटायचं, वरती जाऊन तुझ्याशी कडाकडा भांडावं.

इरावती : यायचं होतंत ना.

सीताराम : दारापर्यंत आलो एकदा. मशीनचा आवाज ऐकला आणि परत फिरलो.

इरावती : मग?

सीताराम : मग काय? बागेत झाडू मारायचं सोडलं. लक्षच नव्हतं कशात. पेरूखाली पाला साचला, त्यात किडे झाले. पाण्याची एक उथळ थाळी तेवढी ठेवायचो. मग एका सकाळी दयाळ पक्षी आला. काळा-पांढरा, शेपटी वर. पाला उलटून किडे टिपत होता. ही म्हणते, उशी उंच करा.

इरावती : अजून येतो?

सीताराम : सकाळी साडेसहाला, आणि मग चारच्या सुमाराला. तेव्हा मला खोकायची पण बंदी.

इरावती : आणि बाकीचे पक्षी?

सीताराम : बाकीचे कोण? तेवढाच. तेव्हा साठ-सत्तर असायचे.

इरावती : काकू, खरं सांगा. एवढी गजबज होती, आता दिवसभरात एकच पक्षी. चुकल्यासारखं नाही वाटत?

रुक्मिणी : एकच बरा गो. ओळख होते.