त्याला न कळणारी भाषा

(सकाळी मोहाच्या झाडाखाली सासू इंदुताई आणि जंगल-सफारीची गाईड असलेली सून उर्वशी फुलं वेचताहेत.)

इंदुताई: अन् फ्रेंच शिकाले तू नागपूरले जाशीन, तं पोट्टं कोण पाहीन? मी?

उर्वशी: थोड्या दिवसाचाच वर्ग आहे, बाई. गाईड लोकायसाठीच ठेवला. तुम्ही हो म्हटलं तं नाव टाकतो. नाव टाकाचा आजच आखरी दिवस.

इंदुताई: गेटवर गाडी नंबरानं भेटते नं? तू फ्रेंच शिकशीन, अन् फ्रान्सवाले बसतीन त्या दुसऱ्या गाईडच्या, मुखरूच्या गाडीत. तुह्या नंबरात येईन चंद्रपूरचा ठेकेदार, चिवडा खात.

उर्वशी: येऊ द्या. भाषा काय कामालेच शिकते का? मजेसाठीबी शिकते. तुमच्या पोराबद्दल त्याच्या तोंडावर बोलता येईन, त्याले समजणार नाई.

इंदुताई: मराठीत बोललं तरी त्याले कुठी समजते?

उर्वशी: मोबाइलवर थोडं शिकली मी. ऐंशीले ते लोकं चार विसा म्हणते.

इंदुताई: मंग त्यायलेच पाठव माह्याकडं! जनमभर आंबे विसानंच मोजले आम्ही. मले देल्लं का कोणी सर्टिफिकेट?

उर्वशी: अन् भाषा शिकलं का त्यायचे गाणे समजते.

इंदुताई: हिंदी गाणे सरले का वो?

उर्वशी: हसा तुम्ही. मागं फ्रान्सची म्हातारी होती माह्या गाडीत. वाघ दिसला, तं...

इंदुताई: ए! तोंड आवर! मोहाखाली नाव घेते त्याचं? नाव घेतलं का येते, कितीदा सांगतलं! गाईड झाली म्हणे.

उर्वशी: चुकली, बाई. मंग फ्रेंचमधे घेतो. तिग्र.

इंदुताई: चूप बैस!

उर्वशी: त्याले कुठी फ्रेंच येते? मराठी समजत असन, गोंडी समजत असन. सिरोंच्याकडचा असन तं तेलुगू. पहा, पान तरी हाललं का?

इंदुताई: काय म्हटलं तू?

उर्वशी: तिग्र.

इंदुताई: तिग्र.

उर्वशी: जमलं की!

इंदुताई: तुह्या सासऱ्याले तिग्रनं नेलं. त्या नाल्याकडून आला होता.

उर्वशी: बाई, राहू द्या नं.

इंदुताई: काऊन राहू देऊ? इतके वर्स 'त्यानं नेलं, त्यानं नेलं' करून राह्यली मी. फॉरेस्टच्या साहेबानं इचारलं कोणं नेलं, तं जंगलाकडं बोट दाखवलं. तोंडाशी आलेलं सारं गिळलं. नाव न घेता शिव्या देल्ल्या, तं लागते का कोणाले?

उर्वशी: मंग, टाकू का नाव वर्गात?

इंदुताई: टाक. पोट्टं राहीन माह्यापाशी. पण नमस्कार-गिमस्कार मागून शिकजो. पयले शिव्या शिकून ये.